खाली बसलेली गाडी शॉकअप बदलून वर येत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या जतनावर प्रसिद्ध झालेला लेख मी आवडीने वाचला. पत्रा, रंग, क्रोमची झिलई आणि आसनांची शिवण यांविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते जाणकारीचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सस्पेन्शनच्या, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीच्या, वाट्याला मात्र त्या पानभर मजकुरात एकच वाक्य आले आहे आणि त्याचा आशय असा, की जुनी गाडी खाली बसली असेल, खड्ड्यात आदळत असेल, तर चारही शॉकअप बदलून टाकावेत म्हणजे ती पूर्ववत उभी राहते. तसे होत नाही. हा समज हौशी मालकांपासून मुरलेल्या मिस्त्रींपर्यंत इतका रुजलेला आहे की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

गाडीचे वजन शॉकअपवर नसते, ते स्प्रिंगवर असते. मग ती स्प्रिंग वेटोळ्याची असो, पाट्यांची असो, नाहीतर मॉरिस मायनर किंवा फोक्सवॅगन बीटलप्रमाणे पिळल्या जाणाऱ्या टॉर्शन बारची असो. चाक दगडावर चढते तेव्हा तो हिसका स्प्रिंगच दाबली जाऊन पोटात घेते. शॉकअपचे काम त्यानंतर सुरू होते. दाबलेली स्प्रिंग उलटून उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते, आणि ही उलघाल थांबवण्यासाठी शॉकअपमधला दट्ट्या तेलातून वरखाली होत बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल ढकलतो व त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. म्हणून शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषणारा) हे नाव तसे फसवेच आहे; धक्का शोषणारा वेगळा आणि धक्क्यानंतरचे डोलणे शमवणारा वेगळा. खराब रस्त्यावरून काही अंतर गेल्यावर गाडी थांबवून चारही शॉकअपना जपून हात लावून पाहावा. तीन कोमट आणि एक थंडगार लागला, तर तो थंड शॉकअप काही काम करत नाही, असे बहुधा समजावे. मॅकफरसन स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जुडग्यात असतात, पण तेथेही वजन पेलते ती स्प्रिंगच. गॅस भरलेला शॉकअप आपल्या दाबाने गाडी किंचित उचलतो हे खरे. त्या किंचित उचलण्यावरूनच वरचा गैरसमज टिकून राहिला असावा, अशी मला शंका आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्याकडे 1962 सालची एक छोटी सेडान आहे, पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे असलेली. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष तिचा नव्हता. काही वर्षांपूर्वी ती पुढच्या डाव्या चाकावर लहानशा खड्ड्यातही ठाण्णकन आदळू लागली. एका गॅरेजमध्ये सांगितले गेले की शॉकअप गेले आहेत, आणि मी विनातक्रार दोन्ही पुढचे नवे बसवून घेतले. आदळणे तसेच राहिले. मग अधिक कडक जातीचे बसवले, तेव्हा ते थोडे वाढलेच. शेवटी एका रविवारी चाक काढून मी स्वतः कंदील धरून आत पाहिले. चाक फार वर आले तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तेथे जो रबरी ठोकळा असतो, त्याचे टोक काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि त्याच्या समोरच्या लोखंडी पट्टीवरचा रंग नाण्याएवढ्या वर्तुळात घासून धातू उघडा पडला होता. उजव्या बाजूचा ठोकळा मात्र धुळीने माखलेला, जसाच्या तसा. म्हणजे डाव्या बाजूला गाडी उभी असतानाच जवळजवळ ठोकळ्यावर टेकलेली होती. ज्या क्षणी ठोकळा लागतो त्या क्षणी स्प्रिंगचे काम संपते आणि पुढचा सगळा मार रबरामार्गे थेट चासीला बसतो. मी ज्याला शॉकअपचा कडकपणा समजत होतो, ती स्प्रिंगने सोडून दिलेली जागा होती.

म्हणून काहीही सुटे करण्यापूर्वी टेप घेऊन मोजावे, हा माझा पहिला आग्रह. मोजणी जमिनीपासून करू नये, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज त्यात मिसळते. हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांवर अंतर घ्यावे. गाडी सपाट फरशीवर असावी, आत कोणी बसलेले नसावे, आणि आधी प्रत्येक कोपरा दाबून-उसळवून गाडी तिच्या जागी बसू द्यावी. उत्पादकाच्या पुस्तिकेत उभी उंची दिलेली असली तर उत्तमच, नसली तर निदान डाव्या-उजव्यातला फरक तरी हाती येतो. माझ्या गाडीत तो 22 मि.मी. होता. येथे एक फसगत होऊ शकते ती सांगतो. पुढचा कोपरा खाली दिसतो म्हणून दोष पुढेच असतो असे नाही. मागचा एका बाजूचा पाटा दबला असेल तर पूर्ण गाडी तिरपी होऊन पुढच्या कोपऱ्यालाही ओढते. मागचा ॲक्सल बरोबर मधोमध जॅकवर उचलून पुढची मापे पुन्हा घ्यावीत. फरक नाहीसा झाला तर पुढच्या स्प्रिंगा निर्दोष आहेत, मागे शोधावे. फरक कायम राहिला तर पुढे.

स्प्रिंगविषयी आणखी एक शब्द सर्रास चुकीचा वापरला जातो. जुनी स्प्रिंग ‘मऊ पडली’ असे म्हणतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा अंगभूत गुण एवढ्यावरच ठरतो, आणि पन्नास वर्षांत यांतले काहीही लक्षणीय बदलत नाही. स्प्रिंग मऊ पडत नाही, ती आखूड होते. वर्षानुवर्षे भार सोसून पोलाद थोडे कायमचे दबते आणि मोकळी लांबी घटते. माझ्या दोन्ही स्प्रिंगा काढून टेबलावर शेजारी-शेजारी उभ्या केल्या तेव्हा डावी 12 मि.मी. बुटकी भरली. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला, आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांडीच्या) बिजागरीजवळ बसत असल्याने तिथले 12 मि.मी. चाकापाशी 22 होतात. शेवटच्या वेढ्यावर, जिथे ती पन्हाळीत बसते आणि चिखल-पाणी साचते, तिथे गंजाने खड्डे पाडले होते. चांगल्या स्प्रिंगच्या पृष्ठभागावर छर्‍यांचा मारा करून मुद्दाम एक दाबाचा थर तयार केलेला असतो, जेणेकरून तडा सुरू होऊ नये. गंजाचा एक खड्डा तो थर भेदतो आणि तार तिथूनच तुटते. तुटलेले टोक कित्येकदा पन्हाळीत लपून राहते व गाडी फक्त ‘थोडी बसलेली’ दिसते.

नवी स्प्रिंग मूळ मापाचीच हवी, यात मी तडजोड मानत नाही. जवळपासची चालेल असे म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. तारेच्या जाडीचा कडकपणावर होणारा परिणाम चौथ्या घाताने वाढतो, म्हणून वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेच ठेवून 12 मि.मी.ऐवजी 13 मि.मी. तारेची स्प्रिंग बसवली तर ती सुमारे 38 टक्के अधिक कडक होते. हा एक मिलिमीटर डोळ्यांना जाणवतही नाही. उंची कमी करण्यासाठी ग्राइंडरने वेढा कापण्याची पद्धत तर आणखी वाईट, कारण आठ मोकळ्या वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग सुमारे 14 टक्क्यांनी कडक होते आणि कापलेले टोक पन्हाळीत नीट बसत नाही. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग आखूड करणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांनी पोलादाचे पाणी उतरवले एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. दबलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे अडकवल्याने गाडी वर येते खरी, पण तेवढे वेढे निकामी होऊन सगळा ताण शेजारच्या तारेवर पडतो. आणि स्वस्त नव्या स्प्रिंगा काही महिन्यांतच पुन्हा का बसतात याचेही कारण आहे. चांगला कारखानदार स्प्रिंग बनवल्यावर ती वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबून घेतो, म्हणजे जे काही बसायचे ते कारखान्यातच बसून जाते. ज्याने ही पायरी गाळली, त्याची स्प्रिंग ते काम आपल्या गाडीखाली करते.

स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी. एकच नवी बसवली तर दुसऱ्या बाजूचा दोष आपण स्वतःच्या हाताने तयार करतो. टॉर्शन बारच्या गाड्यांत उंची पुष्कळदा दाते सरकवून जुळवता येते, मात्र तिथे डावा बार उजवीकडे लावू नये. तो एकाच दिशेने पिळून तयार केलेला असतो.

मागच्या पाट्यांचा विचार वेगळा आहे. त्यांत वजन पेलण्याबरोबर ॲक्सल जागेवर धरण्याचेही काम असते आणि एकमेकांवर घासणारे पाटे थोडेफार शॉकअपचेही काम करतात. त्यामुळे गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे गाडी कडक करतात आणि मालक पुन्हा शॉकअपलाच दोष देतो. पाटे सोडवून, तारेच्या ब्रशने घासून, त्यांच्या टोकांखाली झालेल्या खाचा पाहून मगच निर्णय घ्यावा. खाचेतून केसासारखा तडा गेला असेल तर तो पाटा संपला. कमान उतरलेले पाटे थंडच ठोकून पुन्हा वाकवून देणारे कारागीर आहेत, आणि गाडी त्यांच्या दारातून ताठ मानेने बाहेर पडते. पण नव्याने भट्टीत तापवून, तेलात विझवून, योग्य तापमानाला पुन्हा पाणी दिल्याशिवाय ती कमान टिकत नाही. शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि पाट्याच्या टोकाच्या डोळ्यातले बुश (आतले नळीसारखे अस्तर) यांच्याकडेही तेव्हाच पाहावे. पुष्कळदा आवाज करणारा पाटा नसून झिजून अंडाकृती झालेले बुशच असते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत.

आता शॉकअपकडे वळतो, कारण ते बदलूच नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. गाडीचा कोपरा दाबून सोडणे आणि ती किती वेळा डोलते ते मोजणे, ही सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धा गेलेला पकडत नाही. नळीवर तेलाचा पुसट ओलावा असणे चालते, ओघळ आणि त्यावर थापलेली माती चालत नाही. टायरच्या पृष्ठभागावर हात फिरवल्यावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टिकत नाही आणि सतत उड्या घेते, असे समजावे. ब्रेक दाबल्यावर नाक फार खाली जाणे हेही त्याचेच एक चिन्ह. दुहेरी नळीचा साधा तेलाचा नवा शॉकअप खोक्यात आडवा पडून राहिलेला असतो आणि त्याच्या तेलात हवा शिरलेली असते, म्हणून बसवण्यापूर्वी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण खेचून-दाबून हवा काढून टाकावी. हे न केल्याने नवा शॉकअप ‘खराब निघाला’ म्हणून परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

एमजीबी, मॉरिस मायनर यांसारख्या गाड्यांत दांडीचे जुने शॉकअप असतात आणि त्यांविषयी विशेष सावध केले पाहिजे. या गाड्यांच्या पुढच्या चाकात शॉकअपची दांडी हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो. तो सुटा जोड समजून बोल्ट सोडले तर चाकाला वरून काही आधारच उरत नाही. आणि त्यात तेल कमी आहे म्हणून घट्ट तेल ओतून तो ‘कडक’ करण्याचा उपाय काही आठवडेच चालतो. थंडीत ते तेल झडपांतून जात नाही, दाब वाढून सील फुटतात, आणि दांडीच्या शाफ्टचा बुश झिजलेला असतो तो तसाच राहतो. अशा शॉकअपना नवा शाफ्ट, बुश आणि सील घालून पुन्हा घडवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कामाच्या धोक्याविषयी लेखात एक शब्दही नाही, हे मला सर्वात खटकले. प्रति मिलिमीटर 40 न्यूटन कडकपणाची स्प्रिंग 150 मि.मी. दबलेली असेल तर तिच्यात 450 जूल ऊर्जा साठलेली असते. सुमारे 46 किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तर जेवढी, तेवढी. ती निसटली तर हात, चेहरा, काहीही तिच्या वाटेत असू शकते. स्प्रिंग दाबण्याचे दोन्ही हूक समोरासमोर लावावेत, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळाव्यात, हवेच्या पान्याने घाई करू नये, आणि वेढ्यांतून एक साखळी चासीला ढिली बांधून ठेवावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत खालच्या आर्मला जास्त खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. तो सोडण्यापूर्वी आर्मखाली जॅक लावलेला नसेल तर स्प्रिंग आर्मला झटक्याने खाली फेकते. मागे ॲक्सल लोंबू लागला की ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, घोड्या (खालून आधार देणारे पक्के स्टँड) लावाव्यात, हे पुन्हा सांगायला मला संकोच वाटतो, पण अजूनही लोक जातात.

जोडणी पूर्ण झाल्यावर जी चूक चांगले मिस्त्रीही करतात ती अशी. गाडी घोड्यांवर, चाके लोंबत असतानाच आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. तेव्हा रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहते. थोड्याच महिन्यांत ते फाटते, शिवाय उंचीची मापेही चुकतात. बोल्ट हाताने बसवून, गाडी चाकांवर उतरवून, उसळवून, मग शेवटचा आवळा द्यावा. त्यानंतर काही शे किलोमीटर गाडी चालू द्यावी, पुन्हा मोजावे आणि मगच व्हील अलाइनमेंट करावे, कारण उंची बदलली की चाकांचे झुकाव आणि रोख दोन्ही बदलतात. पुढच्या दिव्यांचा झोतही तेव्हाच तपासावा. वर आलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकते.

एक शेवटचा मुद्दा कडक सुट्या भागांच्या हौसेविषयी. 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणारे अभियंते मॉरिस ऑली यांनी दाखवून दिले होते की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा किंचित संथ डोलणाऱ्या ठेवल्या तर उंचवट्यावर उशिरा पोहोचणारी मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही एकत्र स्थिरावतात. त्या काळानंतरच्या अनेक गाड्या या तत्त्वावर मांडलेल्या आहेत. अशा गाडीला फक्त पुढे कडक स्प्रिंगा लावल्या की हा मेळ मोडतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डोलू लागते; मग ते डोलणे थांबवायला मागे कडक शॉकअप, मग त्या शॉकअपच्या मार्‍याने चासीवरचे त्यांचे कान (ते जिथे बसतात त्या पट्ट्या) तडकणे, मग वेल्डिंग. माझ्या गाडीत मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि साधे तेलाचे शॉकअप परत बसवल्यावर डाव्या-उजव्यात 3 मि.मी. फरक उरला, तो मी तसाच सोडला आहे. त्या आधी बसवलेले कडक शॉकअप फळीवर पडून आहेत. त्यांत दोष काही नाही.

आपणास विनंती एवढीच, की पुढील अंकात लेखातील त्या वाक्याच्या जागी ‘आधी उंची मोजावी, रबरी ठोकळा पाहावा, स्प्रिंग तपासावी आणि मग शॉकअपचा निर्णय घ्यावा’ अशी दुरुस्ती छापावी. लेखाच्या भरवशावर कोणी वाचक या आठवड्यात शॉकअपची मागणी नोंदवणार असेल, तर ती दुरुस्ती त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचलेली बरी.

कळावे,
आपला नम्र,
जुन्या गाडीचा एक मालक